ठिबक

बावन्न दिवसांनी कुलूप उघडलं
तर घराला बंद सुटकेसचा वास,
आणि अल खुवैरच्या या चौथ्या मजल्यावर
ऑगस्ट माझ्याआधीच येऊन बसलेला,
सोफ्यावर, पाय पसरून.

चपला न काढता आधी कुंड्यांकडे गेले.

जाताना सगळी व्यवस्था केली होती.
उलट्या बाटल्या मातीत खोचलेल्या,
बादलीतून कुंड्यांपर्यंत लोकरीच्या वाती,
बाथरूममध्ये ओल्या टॉवेलवर मनी प्लांट,
दार किलकिलं, दिवा चालू.
माझं कामच आहे ते.
क्रेनचे हूक, साखळ्या, तारेचे दोर तपासते मी,
दुक्म, सलाला, कधी पलीकडे दम्माम.
किती टन पेलेल ते शिक्क्यानिशी लिहून देते.
माझ्या सहीखाली अजून एकही दोर तुटलेला नाही.

वाती पहिल्याच आठवड्यात वाळल्या असाव्यात.
बाटल्यांच्या तळाशी शेवाळ, बस्स.
मनी प्लांटने एकेक पान सोडून दिलं होतं,
महिनाअखेरीला आपण एकेक खर्च सोडतो तसं,
आणि टोकाशी दोनच ठेवली होती, हिरवी,
तीही हिशेबाने हिरवी.

स्नेक प्लांट होता तसाच.
तो हेल्विना डिमेलोचा. फायनल एक्झिटवर जाताना
मिक्सर एकीला, पडदे दुसरीला, हा मला.
"याला विसरलीस तरी चालेल," ती म्हणाली होती,
"फार आठवण ठेवलीस तर मरतो."
तेव्हा मी हसले होते.

तुळस गेली. तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

पण बाल्कनीत,
जिथं उन्हाने प्लास्टिकची खुर्चीही तडकते,
जिथं मी काहीच व्यवस्था केली नव्हती
कारण तिथं जगवायचं असं काही नव्हतंच,
रंगाच्या रिकाम्या डब्यात
पानफुटीचं एक पान पडलं होतं,
भालेरावांच्या मूतखड्यासाठी आणलेल्यातलं उरलेलं.
त्याच्या कडेकडेने सात, आठ, अकरा
पिल्लं उभी.
खाली माती काळी. ओली.

वर पाहिलं.
पाचव्या मजल्यावरच्या एसीची नळी,
वीतभर लांब, तोंड वाकडं,
तीच, जिच्याविरुद्ध मे महिन्यात
मी लेखी तक्रार दिली होती, फोटो जोडून:
रात्रभर टप टप, झोप होत नाही,
फरशी घसरडी होते, कृपया तातडीने.
वर बाबिकर नावाचे सुदानी मास्तर राहतात.
लिफ्टमध्ये सलाम, त्यापलीकडे काही नाही.
मास्तर गारव्यात झोपत राहिले
आणि त्यांच्या खोलीतला दमटपणा, श्वासांसकट,
थेंबाथेंबाने इथं उतरत राहिला.
आमच्या यावलकडे केळीला अशाच नळ्या टाकतात,
त्याच्या अनुदानाला सतरा कागद लागतात.
इथं फुकट. चुकून.

मग नळीकडे नीट पाहिलं.
तोंडाशी थेंब नव्हता.
दाराखालून कुणी सरकवलेली चिठ्ठी
मघाशी मी तुडवूनच आत आले होते:
तक्रार क्रमांक दोनशे सोळा. दुरुस्ती पूर्ण.
तारीख कालची.

मेंटेनन्सच्या शफीउलला फोन लावला.
"मॅडम, आता खूश? नवीन पाइप टाकला, थेट गटारात."
म्हटलं, भाऊ,
ते परत बिघडवता येईल का?
बराच वेळ लाइनवर नुसता पंख्याचा आवाज.
"मॅडम, त्याचा फॉर्म नाही आपल्याकडे."

नऊ तारखेला पुन्हा निघायचंय, छत्तीस दिवस.
डबा उचलला. दोन किलो असेल फार तर,
पण जिना चढताना दोनदा टेकवावा लागला.

पाचव्या मजल्यावर दाराआड कुणीतरी भांडी घासतंय,
रेडिओ चालू आहे.
अरबीत मला आकडे येतात,
वर घ्या, खाली सोडा, थांबा, एवढं येतं.
मोया म्हणजे पाणी, तेही येतं.
पण ते मला नकोय, हे कसं सांगायचं
ते ठरेस्तोवर
बेल वाजवून झाली होती.