डावीकडचा, पुढचा

गाडी हैदराबाद रस्त्यावरून ओढून आणलेली.
दोन दारांची, लाल, इतकी बुटकी
की जॅक पोटाखाली शिरेना,
आधी फळकुटांवर चाकं चढवली.
मालक पुण्याचा, घड्याळ बघत होता,
मग गाडीकडे, दवाखान्यात कुणाला सोडून निघताना
बघतात तसं.
रिक्षानं लॉजवर गेला.
एप्रिल. अकराला बेचाळीस.
एमआयडीसीच्या पत्र्याखाली पाना उचलायचा तर आधी फडकं.

चाक काढलं तर डिस्क म्हणजे करपलेला तवा,
निळे डाग, कडेला नखाला अडणारी धार,
आणि पॅड नावापुरते.
नळदुर्गापासून लोखंड लोखंडाला खात आलं होतं
आणि हा आत गाणी लावून.

कॅलिपरचा एक बोल्ट सुटला.
दुसऱ्याला पाइप घालून मी लटकले,
इरण्णा म्हणाला, "अक्का, सकाळधरनं तेच करलालाव की."
तरी सुटला. सुटताना ओरडला.
कॅलिपर होजवर लोंबू द्यायचा नाही,
तारेनं टांग, वर, स्प्रिंगला.
पिस्टन मागे ढकलला तसं डबीत तेल चढलं.
ते रंग खातं, म्हणून भोवती टॉवेल गुंडाळलेला,
सेकंड मालाचा, एका काठाला धागा सुटलेला,
नायनांच्या शेवटच्या मागावरचा.

नवी डिस्क कागदातून निघाली,
तिच्यावरचं तेल पुसलं.
इरण्णानं तिच्यात बघून भांग पाडला.

सगळं नवं, आणि पहिलाच पाय
सरळ तळाला टेकतो.
पॅड अजून डिस्कला भेटलेले नसतात.
दाबायचं, सोडायचं, दाबायचं,
सहाव्या-सातव्याला पेडल वर येतं, घट्ट होतं.
हे विसरलं तर काय होतं
ते समोरच्या भिंतीला विचारा.
ती खोक माझी, पहिल्या वर्षाची.

नायनांना शेजारी बसवलं.
एकतीस वर्षं जॉबर, मागांनी कान नेले,
तळवे ठेवले.
कुंभारीच्या पुढे रस्ता मोकळा:
साठवरून वीसवर, पुन्हा साठ, पुन्हा वीस,
दहा वेळा, पण पूर्ण थांबायचं नाही,
नव्या जोडीला अंगाला अंग लागू द्यायचं.
त्यांचा हात डॅशबोर्डवर.
चौथ्या खेपेला म्हणाले,
"डावीकडचा. पुढचा."
मला काही लागेना. स्टिअरिंग सरळ, आवाज नाही.
मी मान हलवून नाही म्हटलं.
"धागा तुटला की माग थांबतो," ते मोठ्यानं,
बहिऱ्यांच्या आवाजात,
"पण कसा थांबला, ते कापडात दिसतं.
तुझी थांबते. अडखळून थांबते."

परत फळकुटं, परत जॅक, परत ती तार.
डिस्क काढली.
हबवर, एका बोल्टच्या भोकामागे,
गंजाची खपली,
चटणीतल्या शेंगदाण्याच्या कुटाएवढी.
ब्रश तिथं पोचला नव्हता.
इरण्णानं घासलेली उजवी बाजू लख्ख होती.
डावी मी घासली होती.
तो काही बोलला नाही. वायरब्रश पुढे केला.

संध्याकाळी मालक आला.
"दीड दिवस कसा काय लागला?"
"गंज," म्हटलं.
पुण्यापर्यंत जोरात दाबू नका, असंही म्हटलं.
तो "हो हो" म्हणाला,
टॉवेल तेवढा आत राहिला होता, तो काढून घेतला.

लाल गाडी अक्कलकोट रस्त्यानं गावाकडे गेली.
नायना ओट्यावर, तळवा फरशीला टेकलेला,
जेवणाआधी बसतात तसे.
बराच वेळानं म्हणाले, "थांबली."
सिग्नलला की आणखी कशाला,
इथून दिसत नाही.
इरण्णा जुन्या डिस्का भंगारात तोलायला निघाला होता.
एक ठेव, म्हटलं.
दार वाऱ्यानं आपटतं.