कोण येतंय

कॉव्हेंट्रीत सकाळी आठलाच रस्ता बंद केला.
टिपणीसांनी आदल्या रात्री ग्रुपवर बजावलं होतं:
झेंडे मंडळाकडून मिळतील, छत्र्या आणू नयेत,
छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही.
म्हणून आम्ही सगळे भिजलो, शिस्तीत.

नऊवारीखाली थर्मल, थर्मलखाली मी,
पायात मुलीचे जुने पळायचे बूट.
पोरांचे हात गारठ्यानं असे थडथडत होते
की लेझीम आपोआपच वाजत होतं.
तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला
तर पोलिसाच्या घोड्यानं मान वळवून हुंगलं.
पोलीस नको म्हणाला, दोनदा थँक यू म्हणून.

समोरच्या फुटपाथवर दुसरा जमाव.
काळे झेंडे, हातानं लिहिलेले पुठ्ठे,
शाई ओघळून अक्षरांना दाढ्या आलेल्या.
त्यांच्यात डॉक्टर सोनटक्के. निशिगंधा.
गेल्या दिवाळीला आम्ही दोघींनी मिळून
चर्चच्या हॉलमध्ये दीडशे करंज्या तळल्या.
तिनं मला पाहिलं, मी तिला.
हात कुणीच केला नाही.
मग तिनं स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवलं
आणि डोळे वटारले:
इतका वेळ उभी राहू नकोस.

साडेदहाला मॉरीन आली, कुत्रं घेऊन.
‘कोण येतंय गं?’
मी म्हटलं, आमचे... आणि अडखळले.
‘तू दिलंस का मत त्यांना?’
मला तिकडे मत नाही आता. पासपोर्ट बदलला.
‘मग इकडे?’
इकडे दिलं. तो पडला.
मॉरीन मनापासून हसली.
म्हणाली, आमचा एक मंत्री आला होता एकदा,
पोहण्याचा तलाव उघडायला. मी नऊ वर्षांची.
असाच पाऊस. मी हात केला,
तो त्याच्या ड्रायव्हरनं घेतला.

कोण येतंय, हे दादांनीही विचारलं होतं.
सांगलीत, पुलाच्या अलीकडे, रिक्षात.
डोळ्याचं ऑपरेशन होऊन तास झाला नव्हता,
अर्ध्या तोंडावर पट्टी,
आणि शिट्ट्या मारत पोलिसांनी आम्हाला कडेला दाबलेलं.
मी शिव्या घातल्या, चांगल्या गावरान.
रिक्षावाल्यानं त्यात भर घातली.
दादा मात्र बाहेर वाकून बसले.
आता थांबलोच आहोत, म्हणाले, तर बघू तरी.
एका डोळ्यानं त्यांनी मोजल्या: सतरा गाड्या.
सगळ्यांच्या काचा काळ्या.

इथे अकरा आल्या.
पाचवीची काच अर्धी खाली होती
आणि तीतून एक हात.
फिकट बाही, घड्याळ, बोटं जरा सुजलेली,
दिवसभर हलवून सुजतात तशी.
चार सेकंद. फार तर पाच.
शेजारी वीणा पिंगळे ढसाढसा रडायला लागली,
सोळा वर्षं गावी न गेलेली वीणा,
आणि मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला,
घोगरा, पार बेंबीच्या देठापासून.
माझाच होता.

डेपोत मला सू म्हणतात. वीस वर्षं.
सुहासिनी म्हणायला त्यांना वेळ नसतो.
ओरडले तेव्हा मी सू नव्हते, एवढं नक्की.
पण त्या हाताचं त्यात किती, आणि
पावसाचं, घोड्याचं, रस्ता एकदाचा
आपल्यासाठी अडवला गेल्याचं किती,
ते मला वेगळं काढता येत नाही.
दादा असते तर फोन केला असता.
एक हात दिसला, म्हटलं असतं.
ते म्हणाले असते, कुठला? डावा की उजवा?

पलीकडच्या घोषणा तेव्हाच टिपेला गेल्या होत्या.
त्याही मराठीत ऐकू आल्या एक-दोन.

मग कठडे लॉरीवर चढले.
लॉलीपॉपच्या काडीएवढी झेंड्याची काडी,
तरी पिशवीत मावेना. टाकवेनाही.
बसमध्ये ती मांडीवर धरून बसले,
ड्रायव्हरनं विचारलं, रस्ता सुटला का एकदाचा?
सुटला, म्हटलं.

घरी येऊन झेंडा न्हाणीघरात वाळत घातला,
मोज्यांच्या शेजारी.
मंगळवारी सव्वानऊला
निशिगंधाकडे गुडघ्यांची अपॉइंटमेंट आहे.