ढोबळ आणि निव्वळ

पत्र आलं तेव्हा आधी मी कागद पाहिला.
एकोणीस वर्षांची खोड. कोपरा किंचित मुडपायचा,
खिडकीशी धरून बघायचं
तंतू कुठल्या कुशीवर निजलेत.
हलका, फिकट, बोटांना भुकटी लागणारा.
असला माल मी तीन नंबरच्या मशीनवरून
परत पाठवला असता,
मशीन होतं तेव्हा.

मग वाचलं.
ओडेट पेल्टिए, तुम्हाला बेकारी भत्त्यापोटी
दोन हजार तीनशे सोळा डॉलर
जादा दिले गेले आहेत.
तीस दिवसांत परत करा.

जादा.
मेनच्या या टोकाला, या घरात,
बर्फ सोडून जादा असं काही
कधी आलेलं मला आठवत नाही.

मिल बंद झाली त्या हिवाळ्यात
शाळेच्या स्वयंपाकघरात तीन दिवस काम मिळालं.
सूप वाढायचं, ट्रे विसळायचे.
दर रविवारी रात्री अर्ज विचारायचा,
या आठवड्यात किती कमावलंत?
मी हातात पडलं तेवढं लिहायचे.
एकशे सदतीस. एकशे चाळीस.
एकदा एकशे बावीस, वादळाने शाळा बंद होती.
जे हातात आलंच नाही
ते कमावलं असं म्हणायचं तरी कसं?

फोनवर एक तास चाळीस मिनिटं तीच धून.
बटाटे सोलून झाले, शिजले, गारही झाले.
मग ट्रिना नावाची मुलगी, आवाजाने दमलेली,
म्हणाली, बाई, तुम्ही निव्वळ लिहिलंत.
आम्हाला ढोबळ हवं होतं.
म्हटलं, चूक निव्वळच आहे गं.
ती म्हणाली, कागदावर ढोबळ दिसते.
आम्ही दोघी हसलो नाही,
पण तिकडे जराशी शांतता झाली.

शेजारचा वेंडेल म्हणाला, भरू नकोस, भांड.
त्याच्या मेव्हण्याला त्यांनी सोडून दिलं होतं म्हणे.
माफीचा अर्ज आणला. सात पानं.
महिन्याचा खर्च लिहा.
भट्टीचं तेल. गोळ्या. गाडीचा हप्ता.
कुत्र्याचं खाणं लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं. तो काय वाऱ्यावर जगतो?
पाचव्या पानावर: चूक कोणाची?
दोन चौकोन. तुमची. आमची.
पेन दोन्हींच्या मधे कितीतरी वेळ टेकून राहिलं,
तिथे एक निळा ठिपका आहे.

सुनावणीही फोनवरच.
त्या माणसाने अदबीने विचारलं,
तुम्हाला माहीत होतं का?
मी म्हटलं, कागदाचं विचारा,
वजन, ओलावा, कुठे फाटेल, सगळं सांगते.
हे माहीत नव्हतं.
पंधरा दिवसांनी निकाल: लबाडी नाही.
दंड माफ, मुद्दल कायम.
लबाडी नाही हे वाचून मी रडले,
आणि रडले म्हणून स्वतःचा राग आला.
मला ठाऊक नव्हतं का, मी लबाड नाही ते?

शाळेत एमरी नावाचा एक पोरगा आहे.
वाटी घेतो, रांगेच्या शेवटी जाऊन
पुन्हा येतो, पहिल्यांदाच आल्यासारखा.
मी पूर्वी बिनदिक्कत ओतायचे.
परवा डाव हवेत थांबला.
तोही थांबला, माझ्याकडे न बघता.
मग ओतलं. काठापर्यंत.
हात थोडा भाजला.

काल रात्री त्याच पत्राच्या पाठीवर
हिशेब मांडला.
महिना चाळीस. सत्तावन्न महिने,
आणि अठ्ठावन्नाव्याला छत्तीस.
तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची असेन,
कुत्रा बहुधा नसेल.
आकडे तपासले, हातचे धरून, दोनदा.
बरोबर आहेत.
पण शाई पसरली, आरपार गेली,
माझं नाव पलीकडून डागाळलं.
म्हटलं ना, माल चांगला नाही.