पात्र खर्च

मस्केगनला मार्चमध्येही बर्फ पडतो, म्हणून ऑर्विल फेनस्ट्रा
रात्रपाळी संपवून थेट आला.
काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक त्यानं माझ्या दारासमोरच लावला,
वरचा पिवळा दिवा फिरताच ठेवून,
आणि टेबलावर बुटांचा खोका ठेवला. साइझ बारा.
आत वर्षभराच्या पावत्या.

मुलगी जन्मली त्याच आठवड्यात त्यानं खातं उघडलं,
शिक्षणासाठी, दरमहा पंचवीस डॉलर.
बायको सोडून गेली त्या महिन्यातसुद्धा पंचवीस.
आता ग्रेचेन वीस वर्षांची,
उत्तरेला, हॉटनला, दगडांतली खनिजं ओळखायला शिकते.
फीचं कर्ज वेगळं. खात्यातून निघतं ते भाड्याला आणि पोटाला.

मी दरवर्षीचं पाठ केलेलं सांगितलं:
भाडं चालतं, कॉलेजनं ठरवलेल्या आकड्यापर्यंत.
किराणा चालतो. अंडी, पाव, डब्यातलं सूप.
पेट्रोल नाही चालत. बसभाडं नाही. दवाखाना नाही.
"म्हणजे सूप चालतं आणि ताप चालत नाही?"
मी म्हटलं, कायदा मी नाही केला, मी नुसत्या चौकटी भरते.

पात्र खर्च, अपात्र खर्च.
माझ्या आईच्या भाषेत पात्र म्हणजे भांडंही,
आणि उन्हाळ्यात उघडी पडते ती नदीची कूसही.
हे त्याला कसं सांगणार?
सांगितलं नाही.

मग खोक्याच्या तळाशी कॉलेजचा कागद.
मागचं वसंत सत्र: विषय एक. क्रेडिट तीन.
मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
राहण्या-जेवणाचा खर्च धरायचा तर
विद्यार्थी निदान अर्धवेळ तरी हवा,
आणि हे तर अर्ध्याचंही अर्धं.

"एकच विषय?"
त्यानं मला नाही, कागदाला विचारलं.

मी पावत्या तारखांनी लावत गेले. दुसरं काय करणार.
जानेवारी: अंडी, सफरचंदं, कपडे धुवायचा साबण.
फेब्रुवारी: सूप.
सूप.
रात्री अडीच वाजता घेतलेलं सूप, दोन डबे.
बसचं तिकीट, हॉटन ते मस्केगन, कोरं, कुणी न तपासलेलं.
मार्च: सूप, आणि एक टेबललॅम्प.
एप्रिलअखेर पुन्हा अंडी.
सप्टेंबरपासून पाच विषय, सगळं व्यवस्थित.
मधलं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

चार महिन्यांचे तीन हजार अपात्र.
त्यात वाढीचा वाटा एक हजार,
त्यावर कर एकशे वीस, दंड शंभर.
"म्हणजे तिला बरं नव्हतं, त्याचे दोनशे वीस?"
"नाही हो. तुम्ही घातलं ते तुमचंच, त्याला कुणी हात लावत नाही.
जे आपोआप वाढलं, तेवढ्यावरच."

तो बराच वेळ हातमोज्याचा अंगठा उलटसुलट करत राहिला.
"आपोआप काय काय वाढत होतं," म्हणाला,
"मी तर दर रविवारी फोन करायचो."

मग बाहेर गेला. ट्रकमध्ये चढला.
काचेतून दिसत होतं, फोन कानाला, ओठ हलत नाहीत.
पिवळा उजेड माझ्या भिंतीवर यायचा, कॅलेंडरवरून सरकायचा, जायचा.
मागे दोन माणसं ताटकळत होती.
मी त्यांना कॉफी दिली, छपाईयंत्रात कागद भरले.

पंचवीस मिनिटांनी आला, सही केली.
हात थंड, अक्षर वाकडं.
"ती म्हणते, ते सूप भयंकर खारट होतं."
एवढंच.

पावत्या मी परत खोक्यात भरत होते.
त्यानं त्यातून बसचं तिकीट तेवढं उचललं,
कोटाच्या आतल्या खिशात घातलं.
"तसंही हे तुम्ही धरत नाही ना?"

नाही, मी म्हटलं. हे आम्ही धरत नाही.