कूलरातला होला

फेब्रुवारीत कूलर धुवायचा राहिला,
एवढीच आमची चूक.
खिडकीत तो तसाच, टाकीत मागच्या सालचा गाळ,
वाळ्याच्या जाळीला मागून एक भोक.
होल्याच्या मादीला तेवढं पुरलं.

पुरलं म्हणजे काय, त्या जातीला घर बांधताच येत नाही.
चार काड्या, त्यातली एक आमच्याच खराट्याची,
एक तारेचा तुकडा,
आणि त्यावर दोन अंडी
पंख्याच्या पात्याला टेकून.

हे मानवतला जिनिंगवर रात्रपाळीला.
रात्रभर कापसाच्या गाठींभोवती फिरायचं,
बिडी खिशातच ठेवून,
सकाळी येऊन भाकरी खाऊन पडायचं.
बाहेर त्रेचाळीस, डोक्यावर पत्रा.
यांनी बटणाकडं हात नेला
आणि मी, का कोण जाणे, म्हणाले, थांबा.

"किती दिवस?"
मी बोटं मोजली. अंड्यांचे चौदा, पिल्लांचे चौदा.
"म्हणजे अखिती होऊन जाईल की."
पुढं काही बोलले नाहीत.
मी बटणावर चिकटपट्टी लावली.

गोकर्णाबाई दारातूनच म्हणाल्या,
"होला घुमला त्या घरात दिवा राहत नाही, माय.
काठीनं ढकलून दे, पाप माझ्या नावावर."
पाप असं उसनं मिळतं हे मला ठाऊक नव्हतं,
साखरेसारखं, वाटीभर.

दुपारी हे पोटावर ओला टॉवेल टाकून फरशीवर.
पिळायचा, वाळायचा, पुन्हा पिळायचा.
एकदा चिडून उठले
आणि कूलरच्या पत्र्यावर सणकन थाप मारली.
ती हलली नाही.
एक डोळा, त्याला लालसर कड,
आमच्याकडं लावलेला.
"ड्युटीवर हाय," हे म्हणाले
आणि कूस बदलून झोपले.

पत्रा तापायचा म्हणून बाहेरून गोणपाट टाकलं,
त्यावर सकाळ-दुपार एकेक तांब्या.
टँकर आठवड्यातून एकदा.
तेवढे दिवस भांडी राखेनं घासली, विसळली नाहीत, पुसली.

एक पिल्लू आठव्या दिवशी टाकीत पडलं.
मी पाहिलं तेव्हा मुंग्या लागल्या होत्या.
सुपलीत घेऊन लिंबाखाली पुरलं, यांना सांगितलं नाही.
यांनी विचारलंही नाही.
पण दोन होती, हे त्यांना माहीत होतं.

दुसरं बावीस मेला उडालं.
उडालं म्हणजे दोरीपर्यंत,
मग गोकर्णाबाईंच्या संडासाच्या पत्र्यावर.

यांनी नखानं चिकटपट्टी काढली.
पंखा खडखडला, फिरला,
आणि वाळकी शिट, पिसं, सालभराची धूळ
सगळी ताटांत.
मी शिव्या घातल्या.
हे तसेच बसले वाऱ्यात, डोळे मिटून,
मिशीला एक पीस.

यंदा जानेवारीतच कूलर बांधून टाकला मी,
गोणपाट, वर सुतळी, सहा गाठी.
ती आली. तीच का दुसरी, मला ओळखता येत नाही.
गाठीवर बसली, चोचीत काडी,
बराच वेळ.
मी काठी घेऊन उभी.
हे आत घोरत होते,
थांब म्हणायला कुणी नव्हतं.

काडी टाकून गेली. मी झाडून काढली.

दुपारी मीटरच्या डबीवर तीन काड्या दिसल्या.
रीडिंगवाला पंधरा तारखेला येतो.
त्याला काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.