धुळे, धुये

एकतीस वर्षं अमळनेरच्या स्टँडवर
चौकशीच्या खिडकीमागून मी ळ म्हणत आलो.
प्रवाशांनी लक्ष द्यावे.
जळगाव, पारोळा, चाळीसगाव, धुळे.
जीभ नीट मागे वळवून,
तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.
माइकचं बटण खाली केलं
की धुळ्याचं धुये होतं, डोळ्याचा डोया,
आणि शेजारचा बोरसे म्हणतो,
च्या सांगू का, आप्पा?

मग ती मंडळी आली. मालिकेचं चित्रीकरण,
तापीकाठी, पंधरा दिवस.
कुणीतरी सांगितलं, स्टँडवरचा शिसोदे शिकवील.
मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

नट पुण्याचा, निनाद नावाचा, वागायला गोड.
भूमिका बंगल्यावरच्या वॉचमनची.
डॉक्टरीणबाई शुद्ध बोलणार, खुनी शुद्ध बोलणार,
खुन्याचा कुत्रासुद्धा बहुतेक.
आमची बोली फक्त फाटकापाशी.
पात्राचं नाव धुडकू.

निनादने पाठ करून आणलं होतं:
ळ दिसला की य.
तेवढ्यावर थांबला असता तर.
त्याने लचाही य केला.
मोबाईय वाजला, साहेबांचा बंगया उघडला.
मी म्हणालो, भाऊ, ल आमचा जागेवर आहे,
त्याला कुणी हात लावलेला नाही.

वाक्याच्या शेवटी नागपूरचं बे,
मध्ये चिमूटभर कोल्हापूर,
आणि दर दोन संवादांमागे भरीत.
मी सांगून पाहिलं, शहाद्याची बोली वेगळी,
चाळीसगावची वेगळी, भुसावळकडे लेवा बोलतात
ती मलाही कान देऊन ऐकावी लागते.
दिग्दर्शक ताई हसून म्हणाल्या,
काका, प्रेक्षकांना एकच खानदेश परवडतो.

मग म्हणाल्या, तुम्हीच बोलून दाखवा.
बोललो. सकाळी घरात विचारतो तसं,
नयले पानी उनं का?
कॅमेऱ्यामागे कुजबुज झाली.
छान आहे, पण जरा खानदेशी वाटत नाही.
अजून जाड करता येईल?

जाड.

माझ्या बापाचं नाव धुडकू.
आधीची दोन लेकरं राहिली नाहीत म्हणून
आजीने मुद्दाम ठेवलेलं टाकाऊ नाव,
की कुणाची नजर थांबू नये त्याच्यावर.
सिव्हिलच्या खाटेवर शेवटच्या रात्री तो म्हणाला,
माले घर लई चाल रे भाऊ.
जाड नव्हतं ते. धाग्याएवढं होतं.

निनादने एकदा विचारलं होतं,
तुमच्यात रडतात कसं, म्हणजे उच्चार?
मी त्याला ते वाक्य दिलं नाही.
मानधनाचं पाकीट मात्र घेतलं.

मालिका लागली. डेपोत सगळे बघायचे.
बोरसे धुडकूची नक्कल करायचा, ड्रायव्हर लोळायचे.
मीही हसलो, खोटं कशाला सांगू,
पोट धरून हसलो.
भाच्याने कॉलेजच्या गॅदरिंगला
तीच बोली बोलून कप आणला.
ज्या पोराला त्याच्या आईने
अहिराणीत अंगाई म्हटली
तो स्टेजवर मोबाईय म्हणाला.

परवा साडेचारच्या सुमाराला खिडकीशी एक म्हातारी,
डोक्यावर बोचकं, मुठीत आधारकार्ड:
धुयानी गाडी कवय शे, भाऊ?
आताच तर पुकारली होती मी,
ळ घासूनपुसून.
तिला वाटलं असेल, दुसऱ्याच कुठल्या गावाची.
मी वाकून म्हणालो,
चार नंबरले लागेल शे, माय.
पटकन जाय, जागा शे आजून.

बटण खाली केलंच नव्हतं.
पत्र्याखाली सगळीकडे तो घरातला आवाज फिरला,
रसवंतीपर्यंत, मुतारीपर्यंत.
कानकोंडा होऊन मी बाहेर पाहिलं.
कुणी हसलं नाही.
पाचसात जण उठले, पिशव्या घेतल्या
आणि चार नंबरकडे चालायला लागले.