तिसरा गिअर

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे,
दस्तगीरच्या भंगारात
खाणीचे टिप्पर एकमेकांच्या खांद्यावर चढून झोपलेत.
त्यांच्या तळाशी, घाणेरीने धरून ठेवलेली
एक पिकअप. ऑस्टिन.
दारावर उरलेलं: ‘...डा वॉटर’.
सोड्याच्या बाटल्या वाहायची ही,
सावर्ड्यापासून शिरोड्यापर्यंत.
हौद्यात आता कोंबडी अंड्यांवर बसलीय
आणि उठायला तयार नाही.

मला हिचा फक्त तिसरा गिअर हवा.

घरी माझी ऑस्टिन विटांच्या चार थप्प्यांवर उभी आहे.
वारशाने आलेली नाही ती.
लोटलीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोठ्यातून
सोसायटीचं कर्ज काढून घेतली,
आणि आयटीआयतले सहकारी महिनाभर विचारत होते,
एवढ्यात नवी नसती आली?
पहिला लागतो, दुसरा लागतो, चौथाही.
तिसऱ्याचे दात पडलेत.
दुसऱ्यातून थेट चौथ्यात जाणारी गाडी
पंचवाडीच्या चढावर
बोलता बोलता वाक्य विसरते.

कायतान आला मेणकापडात गुंडाळलेले पाने घेऊन,
सगळे इंची; मिलिमीटरवर त्याचा विश्वास नाही.
लगेच वाकला नाही.
बोनेटवर हात ठेवून उभा राहिला,
खानावळीत ओळखीचं कुणी जेवताना दिसलं
की आपण टेबलाशी थांबतो, तसा.
मग म्हणाला, हँडल घाल.

सीटखाली होतं. घातलं. फिरवलं.
इंजिन फिरलं.
जडपणाने, पण कुठेही न अडता,
आणि मागे सायलेन्सरमधून
मूठभर वाळकं गवत बाहेर पडलं.
कोंबडी तेवढी उठली.

“बाय,” कायतान म्हणाला,
“हिचें काडून तिका घालप,
काय तिचें काडून हिका?”

माझ्या गाडीची फरशी सडलीय, वायरी उंदरांनी खाल्ल्यात.
हिची चासी वाजवून पाहिली तर घंटेसारखी.
कुणी कुणासाठी मोडायचं,
याचं माझ्याजवळ होतं ते उत्तर नव्हतं,
पावती होती.

दस्तगीर म्हणाला, किलोला चौतीस.
गिअरबॉक्स अख्खा घ्या,
मी दात मोजून विकत नाही.

मग सगळी दुपार. रॉकेल, छिन्नी, शिव्या.
ग्लेन माझा विद्यार्थी, सेकंड इयर टर्नर,
खाली पाठीवर पडून, डोळ्यांत गंज.
चौदा नट. दोन तुटले, एक हसत हसत सुटला.
इथल्या डोंगरांचं लोखंड बार्जेस भरभरून जपानला गेलं,
आणि हे परदेशातून बोटीने आलेलं
इथल्या मातीत उतरू पाहतंय.
हाताला लागलेलं तांबडं
गाडीचं की रस्त्याचं, साबणालाही कळलं नाही.

एकेचाळीस किलो.
टेम्पोत चढवला तोवर कायतान मागे राहिला होता.
मोकळ्या जागी बोल्ट परत पिळत होता,
एकेक, हाताने, शेवटच्या आट्यापर्यंत.
हँडल त्याने सीटखाली ठेवून दिलं.
आमच्या गाडीला हँडल नाही, हे त्याला माहीत होतं.
मी काही विचारलं नाही.

जानेवारीत पंचवाडीचा चढ.
दुसरा. क्लच. तिसरा.
आणि गाडीच्या पोटातून एक बारीक शीळ निघाली,
जी माझ्या गाडीची कधीच नव्हती.
चढासोबत चढत गेली.
वर, भज्यांच्या गाड्यापाशी, बाकावरचा एक म्हातारा
हातातला ग्लास खाली न ठेवताच उभा राहिला.
“फटू,” कायतान पुटपुटला. “सोड्याचो ड्रायवर.”

आमच्याकडे त्याने पाहिलंच नाही.
चार महिने घासलेला निळा रंग, क्रोम, काही नाही.
तो बघत होता आमच्या मागे,
वळणाकडे,
जे यायला हवं होतं त्याच्याकडे.

चढ संपला.
मी गिअर बदलला नाही.